वरून ओतलेली वाइन

लीड्सच्या हॉस्पिटलात माझ्याबरोबर काम करणाऱ्या जॉर्जियन मित्राने रविवारी जेवायला बोलावलं. मोदकासारखे दिसणारे, आत मटण भरलेले खिंकाली वाफाळत होते. सोबत त्याच्या वारलेल्या वडिलांनी जमिनीत पुरलेल्या रांजणात मुरवलेल्या वाइनची शेवटची बाटली. त्यांच्या नावाने त्याने ती बैलाच्या शिंगात ओतली. एकाच शिंगातून सगळ्यांनी प्यायची, ही त्यांची रीत. तो प्यायला आणि त्याने शिंग माझ्या हातात दिलं.

मी घरच्या सवयीने मान मागे टाकली आणि तोंड न लावता वरून ओतली. अर्धी शर्टावर सांडली.

"माझं तोंड घाण आहे का रे?" तो ओरडला आणि त्याची मूठ माझ्या नाकावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मीही काही संत नाही. तेच शिंग मी त्याच्या कपाळावर हाणलं. प्लेटा फुटल्या, रक्त टेबलक्लॉथवर आलं.

नाकावर बर्फ धरून बसलो, तेव्हा आजोबा आठवले. आमच्या जातीचा स्पर्श नको म्हणून गावात त्यांच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतायचे.

त्यांना कधीच उगारता आली नाही, ती मूठ माझ्याच नाकावर बसली होती.