भरलेला कॅन

अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत साक्षी टाइप करणं हे माझं काम. माणसं दुखणं सांगतात, मी टाइप करतो. एकदा पेठ वडगावकडचा एक दूधवाला साक्षीला आला होता. ट्रकनं ठोकरल्यापासून त्याच्या उजव्या हातात जोर उरला नव्हता, आणि दावा सगळा त्या हातावरच होता. पण एकेकाळचा पैलवान. साक्षीच्या पिंजऱ्यातही छाती काढून उभा.

उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलानं सहज विचारलं, "दुधाचा भरलेला कॅन अजून उचलता का?"

"उचलतो की."

त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. मी ‘उचलतो’ असं टाइप केलं.

जेवणाच्या सुट्टीत तो जिन्यात बसलेला दिसला. मी विचारलं, "खरंच उचलता?"

"न्हाय ओ पावणं. पर एवढ्या माणसांत न्हाय कसं म्हणायचं?"

मांडीवर स्टीलचा डबा होता. त्यानं जिना वर-खाली बघून घेतला. कोणी येत नव्हतं. मग डाव्या हातानं डबा माझ्यापुढं धरला.

"तेवढं झाकण काढून द्या की."