भिंगवाल्यांनी साफ केलेला कीबोर्ड

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली भिंगवाले म्हणायची. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. डोळ्याला लावायचं भिंग ते जेवायला बसतानाही काढत नसत, नुसतं कपाळावर सरकवत. माणूस कामाचा पक्का, बोलायला मोजका, पण हेवा करायला लागला की अगदी लहान मूल. बायकोने शेजारच्या मांजराचे लाड केले तरी ह्यांचं तोंड वाकडं.

आता मांजराची जागा लॅपटॉपने घेतली होती. बायको वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी रचायची. पूर्वी चौकटीच्या कागदावर रचायची आणि अडलं की पडद्याआडून हाक मारायची, "अहो, चार अक्षरी, शेवटी र, सांगा पटकन!" भिंगवाले हातातलं काम न सोडता शब्द फेकायचे. तो चपखल बसला की स्वारी दिवसभर खूश. लॅपटॉप आला आणि हाका थांबल्या. शब्द आता तो डबाच पुरवायचा. वाचकांची पत्रंही त्याच डब्यात यायची आणि ती वाचून बायको एकटीच हसायची. कशाला हसलीस, हे भिंगवाल्यांच्या अगदी ओठांवर यायचं. विचारलं कधीच नाही.

त्यात तो पासवर्ड. कॉम्प्युटरवाल्याने तिला बजावलं होतं, कुणाला सांगायचा नाही, घरच्यांनाही नाही. ती एका बोटाने, बटणं बघत बघत तो टाकायची आणि दुसऱ्या हाताचा तळवा आडवा धरायची. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्यांच्यापासून काही झाकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. तो तळवा त्यांना घशातल्या काट्यासारखा सलायचा.

कॉम्प्युटरवाला कोपऱ्यावरच्या दुकानातला, सदा हसतमुख. तो तिला ताई म्हणे आणि ह्यांना काका. नवराबायकोच्या वयात धड दोन वर्षांचं अंतर नाही, आणि ही त्याची ताई नि हे काका! एकदा म्हणाला, "ताई, बटणांखाली कचरा साचलाय. आणून द्या, चकाचक करून देतो." भिंगवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण घरात बसलेलो असताना आपल्या बायकोची वस्तू दुसरा कोण साफ करणार?

ती बहिणीकडे गेली त्या दुपारी त्यांनी लॅपटॉप पुढे दुकानात आणला. चिमट्याने एकेक बटण उचकटलं, पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडलं, पुसलं. बाहीचा धक्का लागून दोन बटणं खाली पडली, तीही शोधून आणली. कुठलं कुठे, असा प्रश्नसुद्धा त्यांना पडला नाही. घड्याळाच्या भागाला जागा एकच असते, दुसऱ्या जागी तो बसतच नाही. दोन्ही बटणं टक्‌कन बसली, म्हणजे बरोबर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "अगंबाई, नवंच केलंत की!" भिंगवाले फुलले. थोड्याच वेळात आतून तिचा कापरा आवाज आला. "अहो, उघडत नाहीये. पासवर्ड चुकलाय म्हणतंय."

स्क्रीनवर अक्षरांच्या जागी नुसते ठिपके, त्यामुळे चुकतंय कुठे ते दिसेना. तिने इतक्या वेळा खटपट केली की शेवटी लॅपटॉपने काही वेळापुरतं तिला दारच लावून घेतलं. आत तिचं पुस्तक होतं. वर्षभर रचलेली कोडी, ह्याच आठवड्यात छापायला जायची, दुसरीकडे कुठेही न ठेवलेली. फोनवर कॉम्प्युटरवाला म्हणाला, "पासवर्ड विसरला असाल ताई. मग सगळं पुसून नव्याने सुरू करावं लागेल."

"तुम्ही जा आणि त्यांना घेऊनच या," ती नवऱ्याला म्हणाली.

कॉम्प्युटरवाला पिशवी भरेपर्यंत भिंगवाले त्याच्या टेबलापाशी उभे राहिले. समोर एक कीबोर्ड पडला होता. खालच्या ओळीत बी, मग एन, मग एम. त्यांनी काल स्वतः बसवलेली ओळ त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख होती. बी, मग एम, मग एन. काल खाली पडलेली दोन बटणं ती हीच.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते रस्ताभर गप्प चालले. पुसू दे, असं त्यांना वाटत होतं. पत्रं जातील, ते एकटीचं हसणं जाईल, तो तळवा जाईल. पुन्हा चौकटीचा कागद येईल आणि पडद्याआडून हाक येईल. कॉम्प्युटरवाला शेजारी शीळ घालत चालला होता.

घरी बायकोचे डोळे सुजलेले. "पुसा," ती त्याला म्हणाली. "मीच विसरले. रोजचा शब्द, आणि मीच विसरले. डोकंच कामातून गेलंय माझं. आता कोडी रचायचं सोडूनच द्यावं."

कॉम्प्युटरवाल्याने खुर्ची ओढली.

"थांबा," भिंगवाले म्हणाले. त्यांनी चिमटा आणला, दोन बटणं काढली, त्यांची अदलाबदल केली आणि लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. तिने तळवा आडवा धरून पासवर्ड टाकला. उघडलं. कोडी सगळी जागच्या जागी होती.

"काका, कमाल केलीत!" म्हणत कॉम्प्युटरवाला निघून गेला. बायको मात्र बटणांकडे बघत राहिली.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच्या दुकानात."

"म्हणजे रस्ताभर माहीत होतं?"

"हो. पुसलं तर बरं, असं वाटत होतं." एवढं बोलल्यावर बाकीचंही बाहेर आलं. "मला हेवा वाटतो ह्या डब्याचा. त्या पत्रांचा. तू हात आडवा धरतेस ना, जीव जळतो माझा."

कितीतरी वेळ गेला. स्क्रीन काळी झाली आणि लॅपटॉपला पुन्हा कुलूप लागलं. तेव्हा तिने तो पुढे ओढला आणि डावा हात पाठीमागे नेला.

"या, बघा," ती म्हणाली. "ह्याच्यासाठीच ना सगळं? बघा एकदाचं."

तिचं बोट पहिल्या बटणावर त्यांची वाट बघत थांबलं. भिंगवाल्यांनी कपाळावरचं भिंग काढून खिशात टाकलं आणि ते पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. पाठीमागे बटणं वाजू लागली, एकेक, सावकाश, कुणालाही वाचता येतील अशी.