ओल्या भुशाचे पिंजरे

आधी मॅडमचं सांगते. मॅडमनं मला दोनदा ठेवून घेतलं. एकदा मी काहीच केलेलं नसताना, आणि एकदा मी सगळं केलेलं असताना. पहिल्यांदा कुणीही भला माणूस ठेवून घेईल. दुसऱ्यांदाचं काळीज मॅडमपाशीच होतं. आता झालं काय ते सांगते.

मॅडम मेंदूच्या शास्त्रज्ञ. मेंदूतली रसायनं कमीजास्त झाली की माणसाचं मन कसं वरखाली होतं, याच कामात त्यांचे केस पांढरे झाले. घराणं पिढ्यानपिढ्या रायपूरचं, घर शंकर नगरात. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. मी वाशीमकडच्या खेड्यातली. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन इथं आले, नवरा गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात लागला. लॅबमध्ये उंदरांच्या खोलीत बाई पाहिजे म्हणून मी गेले, तर मॅडमनं पहिलंच विचारलं, "उंदराचं भेव वाटते का?"

"उंदराचं नाही मॅडम, माणसाचं वाटते."

"मग सही जगह आलीस," म्हणाल्या, आणि चाव्या दिल्या.

माझा स्वभाव घाबरट. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघते. पांढऱ्या उंदरांना असली बाई चालते. रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं, तेच हात लागले की ते शांत राहतात. मी पिंजऱ्यांच्या बाटल्यांत पाणी भरायची, खाणं द्यायची, पिंजऱ्यातला धानाचा भुसा बदलायची. अर्ध्या उंदरांच्या खाण्यात एका जातीचं मीठ असायचं. ज्याचं मन एक महिना आभाळात असतं आणि पुढचा महिनाभर अंथरुणातून उठत नाही, अशा माणसाला डॉक्टर देतात तेच. काही आठवडे ते खाऊ घातलं की एकेका उंदराला पाण्याच्या उंच काचेच्या भांड्यात सोडायचं. तो पोहतो, धडपडतो, मग हरतो आणि नाक तेवढं वर ठेवून नुसता तरंगतो. हरून किती वेळ राहिला, ते मोजायचं. मीठ खाल्लेला कमी हरतो का, हे बघायचं होतं. मला पहिल्या दिवशी ते बघवलं नाही. बाहेर जाऊन उभी राहिले.

मोजायचं काम सरांकडे. सर म्हणजे मॅडमच्या हाताखाली पीएचडी करणारा पोरगा, वयानं माझ्याहून लहान, पण सर. मोजणाऱ्याला मीठ कुणी खाल्लं ते माहीत नसावं, असा मॅडमचा कडक नियम. माहीत असलं की घड्याळावरचा अंगठाच लबाडी करतो, म्हणायच्या. म्हणून खाणं मॅडम स्वतः कालवायच्या, डब्यांवर नुसते आकडे, आणि कोणता आकडा कशाचा ते पाकिटात बंद करून त्यांच्या कपाटात. मलाही सांगत नसत.

पण मला कळायचंच. मीठ खाणारे उंदीर पाणी ढोसतात आणि मुततात. त्यांचा भुसा दुपारपर्यंत चिखल. बाकीच्यांचा कोरडा. भुसा बदलणाऱ्या बाईपासून ते पाकीट काय लपवणार? मॅडमच्या ध्यानात हे आलं नव्हतं, कारण भुसा त्यांनी कधी बदलला नव्हता.

सरांना खोलीचा वास सहन होत नसे. दारातूनच हाक मारायचे. पोहण्याच्या आदल्या दिवशी चहाचा कप माझ्या हातात देऊन म्हणाले, "दीदी, आप तो सब जानती हो. दवा वाले कौन से हैं?"

या परमुलखात कुणी आपल्या हातानं चहा दिला, दीदी म्हटलं, की मी पाघळते. पाकीट बाहेरच्यांसाठी असेल, सर तर घरचे, असं मला वाटलं. ओल्या पिंजऱ्यांचे नंबर घडाघडा सांगितले. त्यांनी तळहातावर पेनानं लिहून घेतले.

जानेवारीत उंदीर पोहायला सोडले. पाण्यातून काढला की फडक्यानं पुसायचा आणि दिव्याखाली शेकायचा असतो. शेवटच्या दिवशी सर फोनवर बोलत होते, मला समोसे आणायला पिटाळलं. आले तर दोन उंदीर तसेच ओलेचिंब पिंजऱ्यात, थरथरत. मी पुसले, पदराखाली धरले. सकाळी दोन्ही मेलेले.

व्हरांड्यात सगळ्यांसमोर सर मॅडमला म्हणाले, "बोतलें खाली थीं मॅडम, मैंने खुद देखा. सातवीं पास के हाथ में साइंस दोगे तो यही होगा."

"बाटल्या भरेल होत्या मॅडम, मी दोनदा पाह्यल्या..."

"दीदी," सर हसत म्हणाले, "गिनती आती है?"

पाचसहा जण होते. हसले सगळे. मॅडम हसल्या नाहीत. माझा पगार ज्याच्याकडून यायचा त्या ठेकेदाराचा माणूस मला काढायचा कागद घेऊन आला तेव्हा त्यांनी तो परत पाठवला आणि पोहण्याच्या भांड्यासमोर कॅमेरा बसवून घेतला, म्हणजे पुढल्या वेळी कुणावर खोटा आळ नको. हे पहिल्यांदाचं ठेवून घेणं.

घरी मी भाकरी थापत होते आणि ते वाक्य कानात वाजत होतं. गिनती आती है. तेव्हा आठवलं, घड्याळाची कळ दाबण्याआधी सर दर वेळी तळहाताकडे बघायचे. ओला हात पुसून पुसून शाई पसरली होती, तरी बघायचे. मला सगळं उमजलं, मीठवाल्यांचं हरणं ते मुद्दाम कमी मोजत होते. आणि खरं सांगते, मला वाईट वाटायला पाहिजे होतं मॅडमसाठी. वाटलं नाही. मला फक्त तो हात दिसत होता आणि म्हटलं, बेट्या, तुला आता मीच गिनती शिकवते.

पहिल्या खेपेचे आकडे फार सुंदर आले होते. मॅडमचा लेख स्वीकारला गेला, परदेशातून बोलावणं आलं. सरांचा रुबाब वाढला. दुसरी खेप सुरू झाली. महिनाभर मी वाट पाहिली. येणारच होता. आला, चहाचा कप घेऊन.

"दीदी, इस बार गीले वाले कौन से?"

मी कप घेतला. तोंड हसतं ठेवलं. "हव सर, लिखो," म्हटलं, आणि एकूणएक कोरड्या पिंजऱ्यांचे नंबर दिले. उद्या चुकून बघायला आलेच तर म्हणून ओल्यांचा भुसा दिवसातून तीनदा बदलू लागले आणि कोरड्यांत पाणी शिंपडू लागले. जितका भुसा उपसला तितका जीव गार झाला. देवळात गेले तर देवालाही हेच सांगितलं, सोडू नको त्याला.

पाकीट उघडलं त्या दिवशी मी मुद्दाम फरशी पुसायला आत शिरले. मॅडम एकीकडे पाकिटातला कागद, एकीकडे सरांचे आकडे ठेवून बघत होत्या.

"हे तर उलटं आहे," म्हणाल्या. "साधं खाणारे तगले आणि औषधवाले हरले?"

सरांचा चेहरा भुशासारखा झाला. लगेच बोट माझ्याकडे. "इसने डिब्बे बदल दिए होंगे."

मॅडमनं दोन्ही कागद उचलले. तीन दुपारी दार लावून कॅमेऱ्यातलं चित्रण बघत बसल्या, स्वतः मोजत. त्यांच्या मोजणीत औषधवाले थोडे बरे होते. थोडेच. म्हणजे डबे बरोबर होते. सरांचे आकडे मात्र एकाही उंदराशी जुळत नव्हते. चौथ्या दिवशी मला बोलावलं.

"खरं सांग."

मी सगळं सांगितलं. चहासकट.

"काहून सांगितलं त्याले पहिल्यांदा?"

"दीदी म्हटलं त्यायनं."

"और उलटं काहून सांगितलं?"

"गिनती विचारली मले. सगळ्यासमोर."

मॅडमच्या तोंडून हसू फुटलं, आणि मधेच तुटलं. चष्मा काढून डोळे दाबून बसल्या. मला वाटलं, आता चाव्या मागतील.

"तेव्हाच येऊन मले सांगता नाही आलं? पहिली खेप खोटी आहे हे तुले माहीत होतं. मी त्याच्यावर लेख लिहून राहिली होती."

मला तो माणूस पडलेला बघायचा होता, आणि तो मॅडमच्या खांद्यावर उभा आहे हे मी पाहिलंच नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी लेख मागे घेतल्याचं पत्र पाठवलं. परदेशातल्यांनाही कळवलं, येत नाही. कारण लिहिताना माझं नाव कुठंच घातलं नाही; मांडणीत आपलीच चूक राहिली, असं लिहिलं. मला वाचून दाखवलं म्हणून माहीत. दोन वर्षांचं काम गेलं. सरांना काढलं. मला म्हणाल्या, "उद्यापासून सगळ्याच पिंजऱ्यांचा भुसा दिवसातून तीनदा. आणि मोजणाऱ्याशी तू बोलायचं नाही. चल, जा घरी."

चाव्या माझ्याकडेच राहिल्या.

सर आता दुसऱ्या शहरात कुठंशी शिकवतात म्हणे. त्यांच्याबद्दल माझं मन जराही निवळलेलं नाही. लोक म्हणतात माफ कर, बरं वाटेल. मला माफ न करताच बरं वाटतं. पुन्हा आले दारात चहा घेऊन तर पुन्हा उलटे नंबर देईन, फक्त या वेळी आधी मॅडमच्या कानावर घालून.

पण मॅडमच्या रिटायरमेंटला थोडीच वर्षं उरली, आणि पहिली खेप पुन्हा पहिल्यापासून चालू आहे. मी एकही सुट्टी घेत नाही. त्यानं भरपाई होते असं नाही. मॅडम, तुमची दोन वर्षं माझ्यामुळं गेली. कशी परत करीन, हे सातवीच्या डोक्याला अजून सुचलेलं नाही, पण एक दिवस करीनच. तोवर मले मरायले सवड नाही.