फुग्याचं बिनपॉलिशचं घर

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, फर्निचरला पॉलिश करतात. कारखान्यात करतात, आणि घरी आल्यावरही करतात. टेबल, खुर्च्या, कपाट चकाकावं हे मी समजू शकते, पण त्यांच्या घरात झाडूचा दांडाही चकाकतो आणि शिडीही. त्या शिडीवरून ताई एकदा घसरली, तेव्हा दाजींनी आधी पायरीला चरा गेलाय का ते पाहिलं आणि मग तिला उठवलं, असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. दाजींचं म्हणणं, दोन्ही एकदमच केलं.

उघडं लाकूड त्यांना बघवत नाही. कुणाकडे गेले की बोलता बोलता खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवतात आणि असा चेहरा करतात, की घरच्यांना वाटावं आपल्यालाच काही दुखणं निघालंय. माझ्याकडे आले की मी त्यांना मुद्दाम प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवते.

तर अशा माणसाला माझ्या भाचीने, म्हणजे त्यांच्याच लेकीने, कोंडीत पकडलं. तिने एक हॅमस्टर पाळला होता. मुठीत मावेल एवढा जीव, पण गालात दाणे कोंबले की तोंड दुप्पट व्हायचं, म्हणून त्याचं नाव फुगा. भाचीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि जिथे राहायचं तिथे प्राणी चालत नव्हते. फुग्याला मैत्रिणीकडे द्यायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं, तेवढ्यात दाजी अडून बसले की तो इथेच राहील, मी बघेन.

ज्या माणसाने घरात कधी मांजराला उभं केलं नाही, नखांनी खुर्च्या खराब होतील म्हणून, त्याला एकाएकी हा उमाळा कुठून आला, हे मला कळेना. मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. दाजी आधी इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच म्हणाले, "फुगा इथे असला तर पोरगी रोज फोन करेल गं. माझी चौकशी करायला कोण फोन करतंय?"

मी चेष्टेचा विचार सोडला आणि त्यांच्यासाठी चहा टाकला.

पण भाची बापाला पुरती ओळखून होती. तिने अट घातली. फुग्यासाठी एक घर, एक पूल आणि एक शिडी बाबाने करायची, पण कच्च्या लाकडाची. पॉलिश नाही, रंग नाही, गोंद नाही, खिळा नाही. हॅमस्टरचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला तो समोर येईल ते कुरतडतो, आणि लाकडावर जे चोपडलेलं असेल ते सरळ त्याच्या पोटात जातं. जमलं तर फुगा इथे, नाहीतर मैत्रिणीकडे.

दाजी हसले. एवढंच ना, म्हणाले. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून देवदाराच्या फळ्यांचे तुकडे घेऊन आले. खोलीभर सुगंध सुटला, ताई तर खूष झाली. भाचीने वास घेतला आणि तुकडे परत पिशवीत भरले. आपल्याला जो सुगंध वाटतो तो त्या इवल्या छातीला सोसत नाही, श्वासाचा त्रास होतो, असं तिने बापाला समजावलं. मग दाजींनी प्लायवूड आणलं. त्याचे थरच गोंदाने चिकटवलेले असतात, हे या गृहस्थांना माहीत नव्हतं असं नाही, आयुष्य त्यातच गेलं होतं. पण वरून इतकं गुळगुळीत दिसत होतं, की त्यांना ते साधं लाकूड वाटलं. भाची मैत्रिणीला फोन लावायला उठली. दाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

शेवटी समोरच्या आजींच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड कामी आलं. त्याच्या फांद्या नुकत्याच छाटल्या होत्या. दाजी दारात उभे राहून आजींना विचारत होते, झाडावर कीड मारायचं औषध फवारता का, साल कुणी खाल्ली तर चालेल का. आजींनी मागाहून ताईला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

फवारलेलं नव्हतं. दाजींनी फांद्या धुतल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या, चिरल्या, खाचा पाडून एकात एक बसवल्या आणि लाकडाच्याच खुंट्या ठोकल्या. कडा पॉलिश पेपरने घासताना हात मात्र शिवशिवत होते. पेपरने घासायचं आणि पुढे काहीच करायचं नाही, म्हणजे नवरदेवाला अंघोळ घालून तसाच मांडवात पाठवायचं, असं ते पुटपुटायचे. पण हात आवरला. घर, पूल, शिडी, सगळं छान झालं. भाचीने सगळीकडून हुंगून पाहिलं आणि पिंजऱ्यात ठेवलं. दाजी त्या दिवशी परीक्षा पास झालेल्या मुलासारखे फिरत होते.

फुग्याने त्याच संध्याकाळी दाराची कड खायला घेतली.

इथे दाजींचं बिनसलं. लाकूड खायचंच असतं हे त्यांना पटलेलं होतं, पण पटलेलं डोक्याला, डोळ्यांना नाही. रोज कामावरून आले की पिंजऱ्यासमोर बसून ती कुरतडलेली कड बघायचे आणि उसासे टाकायचे. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

भाची निघायच्या आदल्या रविवारी सामान आणायला बाहेर गेली होती. मी दुपारी तिथे पोचले तर दारातच चकाकीसाठी मारतात त्या लॅकरचा वास. दाजी खिडकीशी बसले होते, समोर कागदावर फुग्याचं घर. कुरतडलेल्या कडेत त्यांनी लाकडाचे खड्डे बुजवायची लांबी भरली होती, घासून सपाट केली होती आणि वरून लॅकरचा एक हात मारला होता. इतकं बेमालूम, की दात कुठे लागले होते ते सांगता येऊ नये. तिकडे फुगा बिनछपराचा, कागदाच्या चिंधड्यांत झोपलेला.

"दाजी, हे काय केलंत?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला. खरंच सांगते, त्या क्षणापर्यंत त्यांना कळलंच नव्हतं. खड्डा दिसला आणि हात चालला, एवढंच.

घर पुसून परत ठेवता आलं असतं. लॅकर वाळलं असतं, वास गेला असता, भाचीला कदाचित कळलंही नसतं. मला वाटतं हे दाजींच्याही मनात येऊन गेलं, कारण त्यांनी पुसायचं फडकं उचललं आणि परत खाली ठेवलं. मग उठले, हातोडी आणली आणि घराचे तुकडे केले. उरलेल्या फांद्या माळ्यावरून काढल्या आणि खाली बसून पुन्हा खाचा पाडायला लागले.

भाची आली ती थेट त्या पसाऱ्यात. तिने एक तुकडा उचलून नाकाशी नेला. ताई स्वयंपाकघरात नाहीशी झाली. मी आपली भिंतीकडे पाहत राहिले.

"मी लांबी भरली," दाजी मान वर न करता म्हणाले. "लॅकरही मारलं. तो आत जायच्या आधी फोडलं. तुझ्या मैत्रिणीला कळव, घेऊन जाऊ दे."

भाची खाली मांडी घालून बसली. दाजींच्या हातातली फळी घेतली, त्यावर पेन्सिलीने आखलेलं दार बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हे दार मोठं कर. गाल भरून आला की अडकतो तो. ओढून काढायला मी नसणार आता."

दाजींनी मान हलवली आणि पेन्सिल शोधायला लागले. ती त्यांच्या कानावरच होती. मी सांगितलं नाही. डोळे पुसायला तेवढाच वेळ मिळाला त्यांना.

भाची गेली. फोन मात्र रोज येतो, दिवेलागणीला. परवा मी तिथेच होते. दाजी फोन पिंजऱ्याला लावून उभे होते, पलीकडे तिला आतली करकर ऐकवत. मग फोन कानाला लावून मोठ्या फुशारकीने म्हणाले, "दार संपवलं बघ त्याने. आता भिंत खातोय." थोडं थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "छप्पर संपायच्या आत एकदा येऊन जा."