अर्थ मागून सांगते

"अर्थ मागून सांगते, आधी नाव घ्या."

टीव्हीचा आवाज बंद करायचा, रिमोट मांडीवर पालथा ठेवायचा आणि मग हे वाक्य. समोर बाळाला घेऊन एखादी सासू बसलेली असायची आणि तिच्या मागं अवघडून तिची सून. नाव मिळालं की आवाज पुन्हा सुरू. भेट संपली.

येरमाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. मी तिथं शाळेत मास्तर, आणि शाळेच्या भिंतीला लागून हे वाक्य म्हणणाऱ्या बाईंचं घर. नवरा गेल्यावर त्या माहेरी, भावाकडं परत आल्या आणि गल्लीभराच्या आत्या झाल्या. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. ज्यांची आत्या रुसलेली असायची ते यांना बोलवायचे. ज्यांची आत्या हजर असायची तेही बोलवायचे, कारण नावांचा साठा यांच्याकडं होता. दिवेलागणीपासून जेवणापर्यंत ओळीनं मालिका चालायच्या. त्यातली नायिका नवी साडी नेसून आली की गावात कुणाची तरी मुलगी त्या नावाची व्हायची.

तुमच्याही गावात अशी एक असणारच. पण आमच्या आत्या नावाबरोबर अर्थही द्यायच्या, आणि तो जागच्या जागी तयार व्हायचा.

"निर्वी म्हंजे जिच्या पावलानं घर उजळतं ती."

"कुठल्या भाषेत, आत्या?"

"शुद्ध भाषेत."

ही शुद्ध भाषा कुठं बोलतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्यात 'दक्षांश' म्हणजे शंकराच्या डोळ्यातलं पाणी, आणि 'अवीर' म्हणजे पहाटेचा वारा. एकदा मी शब्दकोश काखेत मारून भांडायला गेलो. त्यांनी तो चाळलासुद्धा नाही.

"मास्तर, तुमचं पुस्तक लई जुनं हाय. आमची लेकरं त्याच्या मागनं जन्मली."

वर्गात हजेरी घेताना मला हसू आवरायचं नाही. बापाचं नाव भगवान, आजोबाचं ग्यानबा, आणि पोरगा दक्षांश. त्याच्या नाकातून जे वाहत असायचं ते शंकराच्या डोळ्यातलं नक्कीच नव्हतं. निर्वी म्हटलं की चार हात वर व्हायचे.

या चारांपैकी एकीची गोष्ट सांगायलाच हवी. कोपऱ्यावरच्या घरात नात झाली, बारसं झालं, निर्वी नाव ठेवलं. महिनाभरानं मालिकेतल्या निर्वीनं सासूच्या खिरीत विष कालवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच कोपऱ्यावरची म्हातारी तणतणत आली.

"आत्या, नाव माघारी घ्या! तुमची ती भवानी सासूच्या जिवावर उठली."

"घाई करू नगा. ती तीच न्हाय. जुळी बहीण आसंल."

"आन् नसली तर?"

"आवं, जिल्ह्याचं नाव बदलाया किती वर्षं गेली? पोरीचं काय आठवड्यात बदलतंय व्हय?"

म्हातारीनं मग तोडगा काढला. मालिकेत काय तो निकाल लागेपर्यंत पोरीच्या जन्मदाखल्यावर नाव चढवायचं नाही. मालिका काही संपेना. पोर रांगली, चालली, लशीच्या कार्डावर नुसती 'मुलगी' राहिली. ग्रामसेवक दर महिन्याला विचारायचा, "काय म्हणते मालिका?" गावातली शिकलेली माणसंही यात काही वावगं मानत नव्हती, हे मला जास्त झोंबायचं. आणि एके दिवशी खरोखरच जुळी बहीण निघाली! म्हातारीनं पेढे वाटले. आत्यांनी माझा पेढा स्वतः आणून दिला.

मला तो पेढा गोड लागला नाही. मी कुजकटपणे विचारलं, "आत्या, तुमचं स्वतःचं नाव कुठल्या मालिकेतलं?"

"दगडाबाई. आदीची दोन लेकरं गेली, म्हणून मला दगड म्हणले. कुणी उचलून नेऊ न्हाय म्हणून. ऱ्हायले मी."

एवढं बोलून त्या घरात गेल्या आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

त्यांचा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, धाराशिवला नोकरीला. त्याला बहीण नाही, म्हणून त्याच्या लेकराचं नाव सांगायचा मान यांचाच. गावाची सगळी लेकरं झाली, पण आपल्या रक्ताचं हे पहिलंच. एक नाव त्यांनी सहा महिने जपून ठेवलं होतं. सरपंचाच्या सुनेनं मागितलं तरी दिलं नाही. मलाही सांगितलं नाही.

बारशाला मी त्यांच्यासोबत एसटीनं गेलो. मोठा हॉल, फुग्यांची कमान, पाळणा कोपऱ्यात शोभेला. भाच्यानं बटण दाबलं आणि पडद्यावर नाव उमटलं, 'मियारा'. नवराबायकोनं मोबाईलवर पाहिलेल्या कुठल्याशा परदेशी मालिकेतलं. आत्यांना कुणी पाळण्याजवळ बोलावलंच नाही. माईकवरच्या बाईनं लाडानं विचारलं, "किती गोड! अर्थ काय हो?" भाचा बायकोकडं बघू लागला, बायको मोबाईलकडं. लोक हसायला लागले. खरं सांगतो, मीही मजा बघत होतो.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आत्या उठल्या.

"मियारा म्हंजे अंगणात उतरलेली पयली चांदणी."

हॉलभर टाळ्या झाल्या. भाच्याचा चेहरा खुलला. आत्या खाली बसल्या आणि पदर नीट करत राहिल्या.

कानात नाव सांगून झालं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. परतीच्या गाडीत त्या म्हणाल्या, "आज पाठ दुखाया पायजे हुती, मास्तर. दुखत न्हाय."

"तुम्ही जपलेलं नाव काय होतं?"

"ऱ्हाऊ द्या आता."

मला रडू आलं. इतकी वर्षं या बाईची टिंगल केली त्याची लाज वाटली. तिकीट शोधायच्या निमित्तानं मी खिसे चाचपत बसलो.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. स्टँडवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचं ठरलं. कोपऱ्यावरची म्हातारी नातीला घेऊन माझ्याकडं आली.

"सर, आत्याचं नाव काय वो? फ्लेक्सवाला इचारतोय."

निम्म्या गावाला नावं देणाऱ्या बाईचं नाव गावात कुणाला माहीत नव्हतं. भाऊ त्यांच्या आधीच गेलेला. भाच्याला फोन केला होता म्हणे. तो म्हणाला, आम्ही आत्याच म्हणायचो.

मी कागदावर लिहून दिलं. निर्वी आता तिसरीत आहे. तिनं अक्षरं जुळवून वाचलं आणि फिसकन हसली.

"दगडाबाई? म्हंजे काय सर?"

"जी सगळ्यांना पुरून उरते ती."

"कुठल्या भाषेत?"

"शुद्ध भाषेत," मी म्हणालो.