चष्म्याचं घर

आमच्या पाळकबाईंनी एखाद्या माणसाला एकदा नीट न्याहाळलं, की त्याच्या शवपेटीचं माप त्यांच्या डोक्यात कायमचं जाऊन बसायचं. मी लग्न होऊन हडपसरला आले आणि पहिल्याच रविवारी उपासनेनंतर त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं. मला वाटलं, नव्या सुनेचं रूप बघताहेत. तर त्या सासूबाईंना म्हणाल्या, "उंच आहे गं पोरगी. सुताराला जादा फळी लागेल." सासूबाईंनी इतक्या सहजपणे "हो ना" म्हटलं, की मला आल्या पावली माहेरी जावंसं वाटलं.

पाळकसाहेबांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, ही ख्रिस्ती मंडळी स्थापन केली, असं चर्चच्या दाराशी संगमरवरी पाटीवर कोरलेलं आहे. बाईंचं नाव पाटीवर नाही. साहेब इथे आले तेव्हा हडपसरला सगळे मळेच होते आणि चर्च म्हणजे कुणीतरी दयेने दिलेली पत्र्याची शेड. तिच्यात आधी कांदा साठवत, त्यामुळे पहिली काही वर्षं भाविकांच्या डोळ्यांत जे पाणी यायचं त्याचं श्रेय उपदेशाला किती आणि कांद्याला किती, हे सांगणं कठीण होतं. साहेब उपदेश करायचे आणि उरलेलं सगळं बाई करायच्या. शेड सारवायच्या, बाजाची पेटी वाजवायच्या, भांडलेली नवरा-बायको आपल्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसवून जेवू घालायच्या. आणि मंडळीतली कुणी बाई गेली, की तिला शेवटची आंघोळ घालून, साडी नेसवून, वेणीफणी करून पेटीत निजवायच्या. कामासाठी लांबून आलेली माणसं ती, इथे ना भाऊबंद ना गणगोत. मयताला हात लावायला कुणी पुढे येईना, म्हणून बाईंनी पदर खोचला तो जन्मभरासाठी.

या कामात त्यांचे काही कायदे होते. आंघोळीचं पाणी कोमटच हवं. साडीला पिना लावायच्या नाहीत, "टोचतात." आणि जिला चष्मा असेल तिला तो घालूनच पाठवायचं. एकदा एका घरच्या शहाण्या जावयाने विचारलं, की आता चष्म्याचा काय उपयोग? बाई म्हणाल्या, "वर गेल्यावर आपली माणसं ओळखायची कशी? प्रभू नवी दृष्टी देईलच, पण तिथेही रांग असेल ना!" स्वतःच्या शेवटच्या दिवसासाठी म्हणून त्यांनी आपली लग्नातली पांढरी साडी ट्रंकेत जपून ठेवली होती. पुढे एका धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या अंगावर घालायला घरात धड कापड निघेना, तेव्हा ती साडी तिला नेसवून मोकळ्या झाल्या.

एकदा मात्र त्यांची मोठी फजिती झाली. अमुक आजी गेल्या, असा चुकीचा निरोप आला. बाई टॉवेल, साबण, फणी घेऊन लगबगीने पोचल्या आणि पलंगाशी बसून आजींची वेणी सोडायला लागल्या. आजींनी डोळे उघडले, बाईंना ओळखलं आणि म्हणाल्या, "आपण आलात? मग मी जात नाही." त्यानंतर त्या कित्येक वर्षं जगल्या, केवळ बाईंवरच्या रागाने, असं त्यांचे घरचे सांगतात.

चर्चमध्ये पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची बाईंची. साहेबांचा उपदेश लांबला, की बाई शांतपणे चष्मा काढत, त्याच्या घरात ठेवत आणि ते पत्र्याचं घर टक्कन मिटत. ती टक् शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यायची. साहेब असतील त्या वाक्यावर थांबून आमेन म्हणायचे आणि सगळी मंडळी शेवटच्या गीताला उभी राहायची. एकदा तर उपदेशातले इस्राएल लोक समुद्र ओलांडता ओलांडता निम्म्या वाटेवरच राहिले.

साहेब गेले आणि पाळकगृह नव्या पाळकांसाठी रिकामं करावं लागलं. नियमच तसा आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण ज्या घराच्या भिंतींसाठी बाईंनी स्वतः माती चाळली, त्या घरातून त्या एक ट्रंक घेऊन बिबवेवाडीला मुलाच्या फ्लॅटवर गेल्या, हे मला फार लागलं. रविवारी रिक्षाने यायच्या. पहिली खुर्ची आता नव्या पाळकबाईंची. आमच्या बाई मागे भिंतीशी बसायच्या. आणि मंडळीची रीतही बदलली. माणूस गेलं, की हॉस्पिटलातच सगळं उरकून, पांढऱ्यात गुंडाळून गाडी थेट दफनभूमीत. बाई म्हणायच्या, "पार्सल करतात गं माणसाचं."

शेवटी शेवटी त्यांना एकच घोर लागला होता. "माझं तू करायचंस," त्या मला म्हणायच्या. "परक्याचा हात नको. इतक्या जणींचं केलं, माझं कुणी आपल्यातलं करू दे."

"बाई, मला नाही हो जमणार. मला भीती वाटते."

"जमत कुणालाच नाही. करायचं असतं."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. "वहिनी, आई गेली. हॉस्पिटलवाले म्हणताहेत, आम्हीच सगळं करून देतो. काय सांगू?"

"हात लावू नका म्हणावं," मी म्हटलं. "घरी आणा. पाणी तापवून ठेवा. कोमट."

मी मोठ्याने बोलत राहिले, बाई, हात वर करा, बाई, जरा कुशीवर व्हा, आणि बोलता बोलता भीती गेली. पांढरी साडी नव्हतीच. नेहमीची चॉकलेटी नेसवली, पिना न लावता. अंबाडा घातला. काच पुसून चष्मा चढवला. घर तेवढं हातात उरलं.

चर्चमध्ये बाईंची पेटी पुढे ठेवली होती. नव्या पाळकबाई आपल्या खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी मला तिथे बसवलं. तरुण पाळकांचा उपदेश सुरू झाला. त्यांनी बाईंना कितीसं पाहिलेलं! ते साहेबांच्या त्यागाबद्दल बोलले, साहेबांच्या खडतर सेवेबद्दल बोलले, साहेबांनी उभारलेल्या शेडबद्दल बोलले. बाई म्हणजे साहेबांच्या सहचारिणी, एवढंच. पुन्हा साहेब सुरू झाले तेव्हा मला राहवेना. मी रिकामं घर उघडलं आणि मिटलं.

टक्.

पाळक बोलतच होते. त्यांना काय माहीत? पण माझ्यामागे खुर्च्या सरकल्या. काठ्या टेकत, एकमेकांच्या खांद्याला धरत मंडळीतली सगळी जुनी माणसं उभी राहिली. त्या चिवट आजींची सूनसुद्धा उभी होती. पाळक गोंधळले आणि आमेन म्हणाले.

ते घर अजून माझ्या पर्समध्ये आहे. रविवारी उपदेश लांबला, की हात आपोआप तिकडे जातो. पण मी ते उघडत नाही. बाई नसताना ते मिटायचं धाडस होत नाही.