अर्ध्या कोयत्याचा दाखला

खरं तर मी पेढे खायला निघाले होते. भूमजवळच्या एका गावात माझी मैत्रीण सुरेखा शाळेत शिकवते. "ये, कुंथलगिरी दाखवते, खव्याची भट्टी दाखवते," असं ती कधीपासून म्हणत होती. दिवाळी झाली आणि निघाले. पुण्याहून जाणार असाल तर बार्शीला गाडी बदला. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खिसा वाचतो. कंबर वाचत नाही.

पहिल्या दिवशी भट्टीवरचा गरम खवा खाल्ला. अप्रतिम! या प्रवासाबद्दल चांगलं लिहिण्यासारखं एवढंच आहे, म्हणून आधीच लिहून टाकलं.

संध्याकाळी सुरेखाकडे कमल आली. ऊसतोड करते, नवरा वारलाय. दोन दिवसांनी टोळी कर्नाटकात निघणार होती. तोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, आणि आठवीतल्या मुलीला, सारिकाला, तिथंच ठेवायचं कमलच्या मनात होतं. अर्जाला, तोडीला कोण जातंय याचा टोळीच्या मुकादमाचा दाखला लागतो. तो तिनं आणला होता, पण त्यावर दोन नावं होती: कमल आणि सारिका.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही मुकादमाला गाठलं.

"कोयता म्हंजी दोघं, मॅडम. एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधायची. एकल्या बाईला म्या कुठं बसवू?"

मग तोच कागद घेऊन तालुक्याला गेलो. शिक्षण विभागाच्या कचेरीतल्या साहेबांनी तो दोनदा वाचला.

"यात तर मुलगी आईबरोबर गेलेली आहे. मग वसतिगृहात राहणार कशी?"

"तिनं जाऊ नये म्हणूनच अर्ज आहे, सर," सुरेखा म्हणाली.

"ते कळतंय हो मॅडम. पण कागदावर ती गेलीय ना!"

कागदावर गेलेली सारिका शाळेच्या गणवेशात त्यांच्या टेबलापुढं उभी होती. माझा आवाज चढला. साहेबांनी शांतपणे माझ्यासाठी चहा मागवला. रागावलेल्या माणसाला चहा पाजायची आपल्याकडची ही पद्धत मला मुळीच आवडत नाही. तरी प्यायले.

या सगळ्यात एसटी चुकली. वडापच्या जीपमध्ये चौदा जण कोंबून परतलो. कुंथलगिरी राहिलंच.

कमलच्या घरी मी शहाणपणा केला. "मुकादमाला दुसरं कुणाचं तरी नाव लिहायला सांग ना. काय बिघडतं?"

"नाव लिवलं की माणूस द्यावं लागतंय, ताई."

चुलीपाशी तिची सासू भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं लिवा."

"आत्याबाई, तुमच्यानं वाकवतंय का?"

"मोळी बसून बांधीन की. लई अवघड न्हाय ते."

उसाच्या फडात बसून कुणी मोळी बांधत नाही, हे पुण्यात वाढलेल्या मलाही ठाऊक होतं. तरी सुरेखानं नाव बदलून घ्यायला मुकादमाला फोन लावला. सारिका उठून बाहेर गेली. मला लाज वाटली, कारण माझा जीव भांड्यात पडला होता.

आता घरी येऊन पंधरा दिवस झालेत. भूम कसं आहे, असं लोक विचारतात. रस्ता ठीक आहे, माणसं फार चांगली आहेत, असं मी सांगते आणि अजूनही मनातल्या मनात त्या साहेबांशी भांडत बसते.

काल सुरेखाचा फोन आला. आजी टोळीबरोबर गेली, सारिकाचा अर्ज मंजूर झाला. कारणाच्या रकान्यात साहेबांनी लिहिलंय: घरी सांभाळायला कोणी नाही.